बँडेजचं वाण

"रांगेतल्या सगळ्या बायकांना कुंकू लावलंत आणि माझ्या बायकोचं कपाळ तेवढं कोरं ठेवलंत," कृष्णात म्हणाला. "मंडळानं केलं, बायकांनी केलं, असलं मला सांगू नका. मंडळ तुमचं. म्हणजे केलं ते तुम्ही."

मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जमिनीला पाय टेकवून झोपाळा थांबवला. संक्रांतीची संध्याकाळ होती, बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या त्या बंगल्याच्या फाटकाला उसाच्या कांड्या बांधल्या होत्या. कृष्णातनं चपला काढल्या नव्हत्या. आत या म्हटलं तरी तो पायरीवरच उभा राहिला होता.

"अहो कृष्णातराव, बसा तरी. तिळगूळ घ्या. सणाच्या दिवशी असं–"

"तिळगूळ नको. उत्तर द्या."

"बायकांच्या कार्यक्रमात मी कसा लक्ष घालणार?" अध्यक्ष हसले. "आणि खरं सांगू का, वहिनींचंही थोडं चुकलंच. हळदीकुंकवाला वाण म्हणून कुणी बँडेज आणतं? पांढरी पट्टी हो! आमच्या मिसेसच्या हातात पडली ती. घाबरलीच बिचारी."

हे खरं होतं. मंडळातल्या बाकीच्या बायका फणी, गाळणी, प्लॅस्टिकच्या डब्या असलं काहीबाही आणतात. सारा नर्स. महिनाभर आधी तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "वाण म्हणजे घरात लागणारी वस्तू द्यायची ना?" कृष्णात पेपर वाचत हो म्हणाला होता. मग सारानं शिवाजीनगरच्या ठोक दुकानातून बँडेजचे रोल आणले, कापूस आणला, मलमाच्या चपट्या डब्या आणल्या. रोज कामावरून आली की जमिनीवर बसून एकेक पिशवी भरायची. थोरली नयना प्रत्येक पिशवीला लाल रिबिनीचं फूल बांधायची. आपल्या लोकांत सवाष्णीच्या हातातली पांढरी पट्टी वैधव्याची आठवण करून देते, हे त्या घरात ज्याला ठाऊक असायला हवं होतं तो एकटा कृष्णात. आणि तो पेपर वाचत होता.

"पट्टी खटकली तर पट्टी परत करायची," तो म्हणाला. "कुंकू का चुकवलं? वाण वाटायच्या आधीच कुंकू झालं होतं. माझी पोरगी तिच्या शेजारी बसली होती, तिनं बघितलंय. करंडा घेतलेली बाई साराच्या पुढ्यात आली, मंगळसूत्राशेजारचा क्रॉस बघितला आणि पुढं सरकली. पोरीला लावलं. आईला नाही."

अध्यक्षांनी आत एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. पण सगळ्या तशा नसतात. तुम्ही लग्नातच नाव बदलून घ्यायचंत. साराची सरस्वती केली असती, तो क्रॉस घरी ठेवला असता, तर कुणी विचारलंसुद्धा नसतं. एवढंसं काम हो."

सरस्वती. एवढंसं काम. नाव तेच, शब्दही तेच. कालच ऐकलेले, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावाच्या तोंडून. आणि ते ऐकून कृष्णातनं मान डोलावली होती.

तो पायरीवरून वळला. मागून अध्यक्ष काहीतरी गोड बोलत होते.

के. आर. पुरमच्या घराकडं चालत येताना त्यानं बस सोडली, मग दुसरीही सोडली. बसमध्ये उभं राहून कुणाच्या तोंडाकडं बघायची त्याची तयारी नव्हती.

मिरजेला तो पाय मोडून दवाखान्यात पडला होता तेव्हा सारा त्या वॉर्डात होती. केरळातल्या कोट्टयमकडून नुकतीच आलेली. मराठी ती रोग्यांकडूनच शिकली, त्यामुळं तिची मराठी म्हणजे नुसते हुकूम आणि प्रश्न. श्वास घ्या. सोडा. जीभ बाहेर. कुठं दुखतंय? अजूनही कृष्णात कारखान्यातून तोंड पाडून आला की ती दारातच विचारायची, "कुठं दुखतंय?" आणि दोन्ही पोरी खिदळायच्या. लग्न केलं तेव्हा त्याच्या आईनं दार लावून घेतलं आणि तिच्या बापानं तिचा फोटो भिंतीवरून काढला. मग दोघं बेंगळुरूला आली. इथंच का, तर इथं दोघांचंही कुणी नव्हतं. ज्याच्यापुढं मान खाली घालावी लागेल असं एक माणूस इथं नव्हतं. ह्याला लोक धाडस म्हणतात. धाडस कसलं? पळून येणं होतं ते. पळून आलेला माणूस भाड्याच्या खोलीत खिळा मारतानासुद्धा विचार करतो, किती दिवस राहायचंय?

आणि आता धाकटा भाऊ योगीराज मिरजेहून बोलवायला आला होता. आई निवळलीय म्हणाला. वरची खोली बांधलीय, पोरींची शाळा घरापासून हाकेवर, तिथल्या वर्कशॉपला त्याच्यासारखा टर्नर पाहिजेच आहे. फक्त घरात एक पूजा करायची, ताटातल्या तांदळात वैनीचं नवीन नाव लिहायचं. बास, दादा, एवढंसं काम. आज रात्री आठ वाजता आई शेजारच्या सगुणाबाईंकडं फोनजवळ बसणार होती, हो म्हटलेलं ऐकायला. साराला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. सण झाल्यावर सांगू, असं कृष्णातनं ठरवलं होतं.

आपल्याच माणसांत जायचं, म्हणून तो मान डोलावून बसला होता. आज दुपारी आपल्या माणसांनी काय केलं ते त्याला कळलं. आणि संध्याकाळी आपण काय केलंय तेही.

गल्लीत शिरला तर घराच्या दारात चपलांचा ढीग. एवढी माणसं एका वेळी दारात म्हणजे काहीतरी वाईटच. तो जवळजवळ पळतच आत गेला.

आत बायका होत्या. सगळी गल्ली. सारा मधोमध जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढं लाल रिबिनींच्या पिशव्यांची टोपली. एक सोडून बाकीच्या मंडळातून न वाटता परत आणलेल्या. नयना आणि धाकटी मिनी दरवर्षीसारख्या ताट घेऊन घरोघर एळ्ळु-बेल्ला वाटून आल्या होत्या. तीळ, शेंगदाणे, खोबऱ्या-गुळाचे तुकडे. ज्या घरी चिमूट द्यावी त्या घरानं मूठभर परत घातलेली, त्यामुळं ताट नेलं होतं त्याहून भरून आलं होतं. आणि ताटामागोमाग बायका आल्या होत्या.

"सारक्का, मला दोन द्या," शेजारची भाग्यलक्ष्मी म्हणत होती. ती निपाणीकडची, मराठी आणि कानडी एकाच घासात खाणारी. "आमच्या ह्यांची बोटं गॅरेजात रोज सोलवटत्यात. ह्या वर्षी कुणीतरी कामाचं वाण काढलं बघा. गाळण्या ठेवायला घरात जागा न्हाई मला."

"एकीला एकच," सारा म्हणाली. "दुसरी पुढच्या संक्रांतीला."

"अय्यो, तोवर बोटं उरायला पायजेत की!"

बायका हसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन बसलेल्या योगीराजनं मान वर करून भावाकडं बघितलं. पुढच्या संक्रांतीला, हे त्यानंही ऐकलं होतं.

"थांबा, स्वल्प थांबा. आधी कपाळ," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिनं साराची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं कुंकू टेकवलं, ते अर्धं नाकावर सांडलं. पदरानं नाक पुसताना तिचा हात गळ्यातल्या क्रॉसला लागला. तिनं तो सरळ केला, जसं कुणी साडीची निरी सरळ करतं, आणि पिशवी उचलली. "सरी, जाते. कुकर लावलाय."

एकेक करत सगळ्या गेल्या. मग योगीराजनं मिनीला जवळ ओढलं.

"काय गं मिने, आज्जीकडं यायचं न्हवं मिरजेला? वरची खोली बांधलीया तुमच्यासाठी. गच्चीतनं पतंग उडवायचा."

टोपली उचलणारे साराचे हात थांबले.

मिनीनं काकाकडं बघितलं नाही. तिनं बहिणीकडं बघितलं.

"होगबेका?"

"बेडा. सुम्ने इरु," नयना म्हणाली.

"काय म्हणत्यात?" योगीराजनं विचारलं.

"जायाचंच का, असं धाकटी विचारती," कृष्णात म्हणाला. "थोरली म्हणती, नको, गप बस."

"पर ही कुणाची भाषा, दादा? तुझी न्हाई. वैनीची न्हाई."

"त्यांची."

हे बोलल्यावर ते कृष्णातलाच नव्यानं कळलं. ह्या पोरी आपसात भांडतात, झोपेत बडबडतात, पडल्यावर ओरडतात ते कानडीत. रोज ऐकत होता तो. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्या कुठूनही पळून आल्या नव्हत्या.

सारा टोपली घेऊन आत गेली. तोही गेला. ती पेले विसळत होती.

"मी योगीला हो म्हटलंय," तो म्हणाला. "काल. तुला न विचारता. खोलीलाही हो म्हटलं आणि नावालाही."

"कुठलं नाव?"

"सरस्वती."

तिनं पेला पालथा घातला. दुसरा घेतला. तोही विसळून पालथा घातला.

"चांगलं नाव आहे," ती म्हणाली. "वॉर्डात एक सरस्वतीबाई होत्या. बऱ्या व्हायला फार वेळ लागला त्यांना."

"सारा, चूक झाली माझी."

"अध्यक्षांकडं कशाला गेला होता?"

"उत्तर मागायला."

"दिलं?"

"दिलं. तेच. सरस्वती."

ती वळली. नाकावर कुंकवाचा डाग राहिलाच होता. रागावलीय की हसतीय, त्याला कळेना.

"मग आता आईंना काय सांगणार?"

"तू सांग."

"मी नाही. हो तुम्ही म्हटलंय." तिनं टॉवेलला हात पुसले. "पण मी येते बरोबर. चला, आठ वाजतील."

मुख्य रस्त्यावरच्या एसटीडी बूथमध्ये काचेची खोली दोन माणसांपुरती होती. योगीराजनं नंबर लावून दिला, "आई, दादा बोलतोय," म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. कृष्णातनं रिसीव्हर घट्ट धरला.

"आई, आम्ही येत न्हाई."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घर हितं हाय आमचं. पोरींचं हाय, म्हणून आमचं. खोली रिकामी ठेवू नको, भाड्यानं दे. तू ये. रथसप्तमीच्या आत ये. स्टेशनावर न्यायला साराच येईल. सरस्वती म्हणून हितं कुणी राहत न्हाई, आणि तिथंही कुणी येणार न्हाई." त्याचा आवाज चढला. "तिच्या हातचं कुंकू लावून घेणार असशील तर ये. घेणार का न्हाई? आई? बोल की."

तारेतून खरखर येत होती. मागं सगुणाबाई "काय म्हणतोय गं?" असं विचारत होत्या. भिंतीवरच्या यंत्रातले लाल आकडे सरकत होते. काचेबाहेर योगीराज आपल्या बुटांकडं बघत होता. कृष्णात पुन्हा म्हणाला, "आई, हो म्हण नाहीतर न्हाई म्हण. पण बोल."

सारानं हात पुढं केला.

लग्न झाल्यापासून त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कृष्णातनं रिसीव्हर दिला तेव्हा त्याच्या तळव्याचा घाम त्याला लागलेला होता. सारानं तो पदरानं पुसला, कानाला लावला आणि बाहेरून लॉरी चालली होती म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं.

"आई, मी सारा. कुठं दुखतंय?"

आईनं फोन ठेवला असणार, असं कृष्णातला वाटलं.

"सांगा. घाबरायचं नाही. कुठं दुखतंय?"

मग तिच्या कपाळाला आठी पडली. बारीक आवाज ऐकताना पडायची तशी, भाग्यलक्ष्मीच्या कुंकवाच्या बरोबर मधून.

"गुडघा?" ती म्हणाली.

पलीकडचा आवाज आता मोठा झाला होता. कृष्णातला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. आई भांडत होती. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. सारा ऐकत होती, मान हलवत होती.

"ते सगळं इथं आल्यावर बोला, आई," ती म्हणाली. "आधी सांगा. डावा का उजवा?"