दाण्यावरचा लेप

लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीच्या कारखान्यात सासरा मुकादम होता आणि जावई राळ कालवायचा. पातळ राळेत कडक दगडाचे बारीक दाणे मिसळायचे आणि तो थर फळीवर द्यायचा, म्हणजे फळी झिजत नाही. हल्ली दाणे लेप लावूनच येत. त्या लेपामुळे राळ दाण्याला घट्ट धरते. लेप नसला की पावलांखाली दाणे सुटतात.

आणि ते सुटत होते. गिऱ्हाइकांच्या दारापाशी फळ्या पांढुरक्या पडल्या. मालक मुकादमाला म्हणाला, "कोणीतरी चांगला दाणा विकून साधा भरतंय. सापडला की घरी पाठवा."

कालवणीची खोली जावयाच्या ताब्यात. तो सगळ्यांच्या आधी येऊन आतून कडी लावायचा. बाहेर आला की बाह्या ओल्या. राळेने बाह्या चिकट व्हाव्यात, पाण्याने ओल्या कशा?

मुकादमाने घरी विषय काढला. बायको उसळली, "लेकीचा संसार आत्ता कुठे लागतोय, आणि तिचाच नवरा चोर?"

"चोर म्हटलं का मी? पण पाणी कुठेतरी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी तो जावयाच्याही आधी जाऊन कालवणीच्या खोलीतल्या पिंपांमागे बसला. जावयाने कडी लावली आणि पोतं फोडलं. शिक्क्याचं, अस्सल. ते टबात ओतून वर उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा टाकला, आणि काठीने खसाखसा घुसळू लागला.

"अरे, हे काय?"

जावई दचकला. "बाबा! दाणा धुतोय. तुम्हीच सांगितलंत ना, धुतल्याशिवाय राळेत घालायचा नाही?"

"ते खाणीतल्या धुळकट दाण्याला, शहाण्या! याला लेप असतो."

"तरीच तेलकट लागायचा. म्हणून तर सोडा वाढवला."

"आणि कडी कशाला?"

"लोक चिडवतात. म्हणतात, मुकादमाचा जावई धुणी धुतो."

मुकादमाने मालकाला सगळं सांगितलं. "म्हणजे तुमचा जावई धुतल्या तांदळासारखा?" मालकाने विचारलं.

"तांदूळ नाही, साहेब, दाणा धुतला त्याने."

मालक हसला नाही. त्याने धुतलेल्या आणि न धुतलेल्या दाण्याची एकेक फळी करवून घासणीच्या चाकाखाली धरली. धुतलेल्या दाण्याच्या फळीचा थर उडाला, दुसरी तशीच राहिली.

"चाक खरं बोलतंय. पण तुम्ही पडलात सासरा-जावई, लोक संशय घेणारच. नोकरी राहील त्याची. कालवायला मात्र दुसरा माणूस बघा."

परतताना जावई वाटेत थांबला. मग म्हणाला, "बाबा, पिंपामागे किती दिवस बसताय?"

"आजच बसलो, रे."

"असं होय," जावई म्हणाला, आणि दोन पावलं मागे राहून चालू लागला.