तिघांतला नाथू

खून शाबीत झाला होता. आता फाशी की जन्मठेप, एवढंच उरलं होतं. त्यासाठी बयाबाई पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या एसटीनं निघून जिल्ह्याच्या कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसली होती. पिंजऱ्यात तिघं उभे होते: रामा, हैबती आणि तिचा नवरा नाथू. गुरांच्या दलालाला तिघांनी मिळून मारलं, असा निकाल कालच लागला होता.

सरकारी वकील महिपतराव उठले. सत्त्याण्णव सालापासून चार वर्षांत त्यांच्या वाट्याला आलेला हा सातवा 'दुर्मिळातला दुर्मिळ', म्हणजे फाशीच्याच लायकीचा, खून. आवाज मात्र खणखणीत. बयाबाईनं जन्मभर कीर्तनं ऐकलेली. असा आवाज विठ्ठलाच्या पायाशी लागता तर सोनं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पण बुवा निदान आख्यान लावतात. हे नुसतेच हात हलवत होते. "या तिन्ही नराधमांनी कुऱ्हाडी उगारल्या! तिघांनाही फाशीच हवी!"

जजसाहेबांनी चष्मा काढला. मागच्या एका खटल्यात तिघा आरोपींची शिक्षा एकाच परिच्छेदात उरकली म्हणून हायकोर्टानं त्यांचे कान उपटले होते. "एकेकाचं वेगळं सांगा. नाथूनं काय केलं?"

"या नाथूनं," महिपतराव गरजले, "पहिला घाव घातला!"

"मी रामा हाय, सायेब," बोटासमोरचा माणूस म्हणाला.

बोट पुढे सरकलं.

"मी हैबती."

कोर्टात खसखस पिकली. उरलेल्या एकाकडे महिपतराव अशा तोऱ्यात वळले, जणू स्वतः तपास करून त्यांनीच तो हुडकून काढला होता. "हाच तो!"

"हो, पण त्यानं केलं काय?"

पानं उलटली, परत उलटली. शेवटी आवाज खाली आला. "साक्षीदार नंबर चार म्हणतो... म्हशीचं दावं धरून उभा होता."

बयाबाईनं मनातल्या मनात विठ्ठलाला हात जोडले. आलं बाहेर एकदाचं!

दुपारी जजसाहेबांनी तिघांची तीन पानं वेगवेगळी वाचली. घाव कोणाचा ते कळत नाही, म्हणून फाशी कोणालाच नाही. हेतू मात्र एक, म्हणून जन्मठेप तिघांना. पानं तीन, शेवटची ओळ तीच.

बाहेर तिचे महाडचे वकील उबेदभाई खुशीत होते. "गळा वाचला, बयाबाई! आता अपील. इथं अंगठा द्या."

"ह्यात काय लिवलंय?"

"तिघांच्या वतीनं अर्ज आहे. नेहमीचाच."

बयाबाईनं अंगठा पदराखाली घेतला.

"नेहमीचा नको, वकीलसायेब. माज्या माणसानं काय केलं आन् काय नाय, ते आदी लिवा. मी बसते हितं."

आणि ती कोर्टाच्या पायरीवर बसली. उबेदभाईंनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे कोरा कागद काढला.