रतनबाईंचा चुडा

लिडिया साळवे बाहेरची काच भट्टीत घालत नसत. कुणी रंगीत बाटल्या घेऊन यायचं, कुणी जुन्या झुंबराचे लोलक. लिडियाबाई त्यांना चहा द्यायच्या आणि नाही म्हणायच्या. संगमनेरला घराच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांची विजेची भट्टी होती, लहानशा कपाटाएवढी. अठरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्यांनी नोकरी सोडली आणि हे काम धरलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याला, एलियाला, हा चार दिवसांचा छंद वाटला होता. त्याला आता सहा वर्षं झाली होती. काचेचे तुकडे कापायचे, एकावर एक रचायचे, आठशे अंशांपर्यंत तापवून एकजीव करायचे आणि मग सावकाश निवू द्यायचे. त्यातून कानातली, अंगठीचे खडे, गळ्यातली पदकं तयार होत. आपला दागिना तडकला म्हणून आजवर कुणी परत आणलेला नाही, हे त्या बिनदिक्कत सांगायच्या.

मार्चमधल्या एका सकाळी रतनबाई आल्या. सोनईहून राहुरी आणि राहुरीहून संगमनेर, अशा दोन एसट्या बदलून. वय पन्नाशीच्या आतलं, अंगावर निळी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. गावात त्या दूध संकलन केंद्र चालवायच्या. नगरच्या बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांनी लिडियाबाईंचा स्टॉल पाहिला होता आणि कार्ड जपून ठेवलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा काढला. आत हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते.

"याचं पदक करायचंय, ताई. दोन पदकं."

"नाही जमायचं," लिडियाबाई म्हणाल्या. "राग मानू नका. काच काचेसारखी दिसते, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. तापली की एक जास्त फुगते, एक कमी. भट्टीत दोघी मिळून जातात, पण थंड होताना एकमेकींना ओढायला लागतात. आज नाही तर महिन्याभरानं तडकतातच."

रतनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंजे एका घरच्या काचा पायजेत."

"तसंच."

"मग ह्या एका घरच्याच हायत. माझ्या भाचीच्या लग्नात एका कासारानं एका बैठकीला भरल्या. दोन डझन. पंधरा दिवसांनी आमचे मालक गेले."

एलिया पाण्याचे ग्लास घेऊन आला होता, तो ते ठेवून खाली निघून गेला.

"मी म्हनलं हुतं, मी हातानं काढते," रतनबाई म्हणाल्या. आवाज सरळ होता, रडण्याचा नव्हता. "पर ऐकतंय कोन. मागल्या दारी नेलं. दगड दिला माझ्या थोरल्या जावंच्या हातात, मुक्ताआक्काच्या. ती माझ्या आधीच विधवा झाल्याली, म्हनून मान तिचा. कसला मान! तिचा हात असा थरथरत हुता की एक घाव माझ्या मनगटावरच बसला." त्यांनी घड्याळ सरकवून व्रण दाखवला. "मान्सं पांगल्यावर तिनंच एकेक काच येचली, धुतली, आन ह्या डब्यात घालून मला दिली. म्हनली, माझ्या येळंला कुनी येचल्या न्हाईत, उकिरड्यात गेल्या. तीन वर्सं हा डबा कपाटात हाय. आता नातीचं बारसं हाय पुढल्या महिन्यात. आमी दोघी तवा गळ्यात घालनार हाओत."

"आक्कांना माहीत आहे?"

"न्हाई. इचारलं तर न्हाई म्हनल ती."

लिडियाबाईंनी डबा खिडकीपाशी नेला. एक तुकडा उचलून त्याची कड उजेडात धरली, मग दुसरा. हिरव्या रंगात थोडा निळसरपणा होता, सगळ्यांत जवळजवळ सारखाच. वरती सोनेरी रेघ. रसायनशास्त्राचं अर्धं आयुष्य त्यांच्या बोटांत जागं झालं होतं. नाही म्हणायचं कारण त्यांना सापडेना.

"सोनेरी रेघ जळून जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या. सोनं कुठं खरं हुतं."

"आणि आधी प्रयोग करावा लागेल. त्यात काही तुकडे वाया जातील."

"जाऊ द्यात की," रतनबाई उठल्या. "तुमी कराल. मला दिसतंय."

पहिल्या प्रयोगात लिडियाबाईंनी फक्त चार तुकडे घेतले. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर त्यांच्या चकतीत केसाएवढी चीर होती. त्यांना वाईट वाटलं नाही, कुतूहल वाटलं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या दोन काळपट फिल्म त्यांच्याकडे होत्या. एक उभी, एक आडवी धरून मधे काच ठेवली, की जिथे ताण असतो तिथे उजळ कडं उमटतं. चकतीत ते कडं एकाच तुकड्याभोवती होतं. म्हणजे दोन डझनांत एखादी बांगडी परकी होती. कासारानं मापाची कमी पडली म्हणून दुसऱ्या जुडग्यातली घातली असणार.

तीन दिवस त्या एवढंच करत होत्या. उरलेला एकेक तुकडा खिडकीत धरून त्यांनी रंगाप्रमाणे दोन ढीग केले. मोठ्या ढिगातल्या दोन तुकड्यांची लहानशी जोडी करून भट्टीत घातली आणि बाहेर आल्यावर फिल्मखाली पाहिली. कुठेच उजळ कडं नव्हतं. धाकट्या ढिगात नऊ तुकडे निघाले. ते त्यांनी कागदात गुंडाळून वर रतनबाईंचं नाव लिहिलं आणि बाजूला ठेवले.

पुढची चकती तडकली नाही, पण तिचा वरचा थर साय धरल्यासारखा पांढुरका आणि खरबरीत झाला. सातशे अंशांच्या आसपास काच जास्त वेळ रेंगाळली, की तिच्यात बारीक स्फटिक धरतात. त्यात मिठाईच्या डब्याचा तीन वर्षांचा तेलकटपणा. त्यांनी काचा साबणाच्या पाण्यात उकळून धुतल्या, भट्टीला तो टप्पा झपाट्यानं ओलांडायला लावला आणि वर पाचच मिनिटं थांबवलं. तिसऱ्या खेपेला रुपयाच्या नाण्याएवढी चकती निघाली. गोल, गुळगुळीत, पाण्यानं भरलेल्या विहिरीसारखी गडद हिरवी. लिडियाबाईंनी ती तळहातावर घेतली आणि एलियाला जिन्यातून हाक मारली.

"बघ. म्हटलं नव्हतं?"

"तू तर नाही जमायचं म्हणाली होतीस," एलिया म्हणाला.

"ते पहिल्या दिवशी."

त्यांनी रतनबाईंना फोन लावला. "एकीचं तयार करते. दुसरीचं करायला आक्कांना घेऊन या. त्यांचं पदक त्यांच्या हातानं रचलेलं असू दे. एक मुक्काम करावा लागेल. रात्रभर भट्टी निवते."

मुक्ताबाई आल्या त्या दारातच थांबल्या. साठी उलटलेली, सडपातळ बाई, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. रतनबाईंनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की संगमनेरला एका बाईंकडे काम आहे. टेबलावरचा मिठाईचा डबा बघताच त्यांनी ओळखला.

"रतन, हे इकडं कशाला आनलं?"

लिडियाबाईंनी आदल्या दिवशी भट्टीतून काढलेलं पदक मुक्ताबाईंच्या हातावर ठेवलं. मुक्ताबाईंनी ते उलटंसुलटं केलं, चष्म्याजवळ नेलं. काचेच्या आतून दोरा जाईल एवढी बारीक नळी होती, तिच्यातून त्यांनी उजेड पाहिला.

"ह्या त्याच?"

"त्याच," रतनबाई म्हणाल्या. "दुसरं तुमचं हाय, आक्का."

"माझं कसं? माझ्या न्हाईत ह्या काचा."

"येचल्या कुनी? मी न्हाई येचल्या."

मुक्ताबाई खुर्चीवर बसल्या. खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. लिडियाबाईंनी स्टीलचा खलबत्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यात मूठभर काच घातली.

"हे रव्याइतकं जाडसर करायचंय," त्या म्हणाल्या. "सगळं नाही, थोडं. तळाला रवा, वर अख्खे तुकडे."

मुक्ताबाईंचा हात मागे गेला. "परत फोडायच्या?"

लिडियाबाईंच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. त्या खलबत्ता उचलणारच होत्या, तेवढ्यात रतनबाई म्हणाल्या, "फोडा आक्का. त्या येळंला कुनी मला इचारलं न्हवतं. आता मी सांगते हाय."

मुक्ताबाईंनी पदर नाकातोंडावर घट्ट बांधला, कारण काचेची धूळ आत जाऊ द्यायची नव्हती. पहिले दोन घाव बिचकत पडले. मग हात बसला. मसाला कुटताना बायका मनगटाला जो झोका देतात, तो आला. लिडियाबाईंनी चाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा एकसारखा निघालाय."

"चाळीस वर्सं तिखट कुटलंय," पदराआडून आवाज आला.

भट्टीत न जळणाऱ्या पांढऱ्या कागदाच्या गोल साच्यात त्यांनी रवा पसरला. वर बांगडीचे बाकदार तुकडे लावायला घेतले. लिडियाबाई चिमटा धरायला शिकवत होत्या, पण मुक्ताबाईंनी चिमटा ठेवून दिला आणि बोटांनीच मांडलं. रतनबाईंच्या पदकात तुकडे सरळ ओळीत होते. मुक्ताबाईंनी ते एकाच्या बाकात एक असे घातले, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. मधल्या तुकड्याशी त्या अडल्या. तीनदा बदलला.

"बरोबर आहे," लिडियाबाई म्हणाल्या.

"थांबा. अजून न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि चौथा तुकडा घेतला.

चार वाजता भट्टीचं झाकण लागलं. संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली तेव्हा दोघी जावा घाबरून वर धावल्या. लिडियाबाई भाकऱ्या करत होत्या, त्या खालूनच म्हणाल्या, "वितळायचं काम झालंय. आता फक्त निवायचंय, भट्टी तिची तिची निवते. जाडजूड आहे. फक्त झाकणाला हात लावू नका."

सकाळी नऊला काटा चाळीस अंशांवर आला. लिडियाबाईंनी झाकण उघडलं आणि बाजूला झाल्या. मुक्ताबाईंनी स्वतः हात घालून पदक बाहेर काढलं. पाकळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या, तरी प्रत्येकीची कड ओळखू येत होती. लिडियाबाईंनी फिल्मखाली धरून दाखवलं. कुठेही उजळ कडं नव्हतं. मुक्ताबाईंना त्या फिल्मचं काही कळलं नसावं, पण लिडियाबाईंचा चेहरा कळला.

"टिकंल?"

"तुमच्या नातवंडांच्या लेकरांपर्यंत."

रतनबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवून ते जावेच्या गळ्यात बांधलं. मुक्ताबाईंनी पदर सारखा केला, पण पदक झाकलं नाही.

बारशाला लिडियाबाई आणि एलिया सोनईला गेले. दूध केंद्राच्या मागच्या अंगणात मांडव घातला होता. बायकांनी दोन्ही जावांच्या गळ्याकडे पाहिलं होतं आणि आपापसांत कुजबुजल्या होत्या, पण उघड कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते रंगनाथतात्यांनी, घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यांनी. ते रतनबाईंचे चुलत सासरे. पाळण्याजवळच्या खुर्चीवर बसले होते.

"मुक्ते, हे हिरवं काय घातलंय दोघींनी?"

रतनबाई पुढे झाल्या, पण मुक्ताबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

"चुडा हाय, तात्या," त्या म्हणाल्या. "रतनचा. मी फोडला हुता, मीच परत केला."

"विधवा बायांनी चुडा?"

"व्हय. मनगटावर न्हाई, गळ्यात हाय. फोडताना हात थरथरला हुता माझा. करताना न्हाई थरथरला. तुमी हातात घिऊन बघा, लई चांगलं झालंय."

त्यांनी खरोखरच दोरा सोडला आणि पदक पुढे केलं. तात्यांनी चष्मा लावला. अंगठा काचेवरून फिरवला, पदक उन्हात धरलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तात्यांनी पदक परत दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गुळगुळीत हाय," ते म्हणाले. "चला, पाच वाजले. पोरीला आना."

सून बाळाला घेऊन आली. सवाष्णी पाळण्याभोवती उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं रतनबाईंना वाट करून दिली, मग दुसरीनं मुक्ताबाईंना. लिडियाबाई मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या, तिथून त्यांना सगळं दिसत होतं. पाळण्याच्या अलीकडे रतनबाई, पलीकडे मुक्ताबाई. रतनबाईंनी बाळ पाळण्याखालून दिलं, मुक्ताबाईंनी घेतलं आणि वरून परत दिलं. पाच वेळा असं झाल्यावर बाळाच्या आत्यानं तिच्या कानात नाव सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं: राजनंदिनी.