पांढरी चिंधी

माझे तुकडे झालेले आहेत, तरी बोलतो. मी एक दोर आहे. विहिरीवरचा किंवा गाडीवर सामान बांधायचा नव्हे. कड्यावरून माणूस खाली सोडायचा आणि जिवंत वर आणायचा, त्या कामाचा. तुम्ही म्हणाल, दोर फुशारकी मारतोय. मारतोयच. ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे त्या दिवशी ती पार उतरली, म्हणून आधी थोडी ऐकून घ्या.

जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वरून निळ्या विणीची साल. वजन पेलतो तो गाभा. साल त्याला जपते, एवढंच. शंभर मीटर लांबीचा मी महाबळेश्वरला आलो तो कडा मदत पथकाचा होऊन. पथकाचा म्हणायचं, पण मला आणायला बाजारातले दुकानदार, टॅक्सीवाल्यांची संघटना, मशिदीची जमात, शाळेतली पोरं आणि खालच्या वाडीतला बायकांचा बचत गट अशा सगळ्यांनी हातभार लावला होता. त्या गटातली भामाबाई मला बघायला मुद्दाम डोंगर चढून आली. दोन बोटांत धरून म्हणाली, "येवढ्या बारक्या दोराला माणूस लोंबकळणार व्हय? ह्यातली वीतभर माजी हाय बरं का, ध्यानात ठेवा."

पथकात पगार कुणालाच नाही. प्रमुख आप्पासो, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, मिशी आणि शिस्त दोन्ही कडक. कड्यावरून खाली उतरणारा मुजीब, एरवी टॅक्सी चालवणारा. सामानाच्या खोलीची किल्ली शंभूराजकडे. त्याची स्ट्रॉबेरीची शेती. मुजीब आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले.

शंभूराज भला माणूस, पण त्याला नाही म्हणता येत नसे. तो आमच्या पथकात, वाडीच्या गणेश मंडळात, दूध संस्थेत आणि शाळेच्या समितीतही. आपल्याकडे माणसं तीच असतात, फलक तेवढे वेगळे. सकाळी दूध संस्थेत भांडलेले दोघे संध्याकाळी शाळेचं छप्पर खांद्याला खांदा लावून चढवतात. गाव चालतं ते असंच. आणि चुकतंही तिथंच, कारण एका मंडळाची वस्तू दुसऱ्या मंडळाला द्यायला कुणाला विचारावं लागतच नाही.

आमच्या पथकाची एक रीत होती. काम करून आलो की माझं वेटोळं लाल चिंधीनं बांधून खुंटीला टांगायचं. मग कुणीतरी निवांत बसून, डोळे मिटून, मला या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या बोटांतून सोडायचं. याला आम्ही दोर वाचणं म्हणतो. कुठं गाठ, चपटा भाग, मऊ जागा लागत नाही अशी खात्री झाली की लाल चिंधी काढून पांढरी बांधायची. पांढरी चिंधी म्हणजे दोर वाचलेला आहे, डोळे झाकून उतरा. तिच्यावर मुजीबनं चार पावसाळे जीव सोपवला.

वाईलाही असंच एक पथक आहे, पायथा गिरी संघ. त्याच्या प्रमुख संयोगिता मॅडम, कॉलेजात खेळ शिकवतात. दोन्ही पथकांचं काम एक, पण तोंडं दोन दिशांना. कारण सांगायला मला लाज वाटते. मागच्या साली दोघांनी मिळून एक माणूस दरीतून काढला आणि पेपरात नाव आलं फक्त वाईचं. आप्पासोंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून "आमचा दोर, आमची माणसं" असं सुरू झालं. कड्यावर अडकलेल्याला मात्र कुणाच्या नावाचा दोर आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

यंदा अनंत चतुर्दशीला वाडीच्या गणपतीची ट्रॉली ओढ्याच्या चढाला चिखलात रुतली. पोरं धावत शंभूराजकडे आली. त्यानं किल्ली काढली आणि मला नेलं. ट्रॅक्टरला माझं एक टोक, ट्रॉलीला दुसरं. हिसका बसला तेव्हा माझा मधला भाग ट्रॉलीच्या फाळक्याच्या लोखंडी धारेवर आवळला गेला. बाहेरची साल टिकली. आतल्या गाभ्याचे धागे कटाकट तुटले. गुलालाच्या ढगात आणि ताशांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

शंभूराजनं मला ओढ्यात धुतलं, वाळवलं, खुंटीला टांगलं. लाल चिंधी हातात घेतली आणि थांबला. लाल बांधावी तर आप्पासो विचारणार, काम कुठलं झालं? आणि जनावर किंवा गाडी ओढलेला दोर पुन्हा माणसाला वापरायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. वाचून बघावं तर वाडीत महाप्रसादाला लोक खोळंबलेले. "उद्या वाचतो," तो मलाच म्हणाला आणि पांढरी बांधून गेला. दुसऱ्या दिवशी दूध संस्थेची सभा निघाली, मग शाळेचं काम. तो उद्या काही उगवला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला फोन आला. म्हशीच्या मागं गेलेली भामाबाई कड्यावरून घसरली होती. सत्तर मीटर खाली एका अरुंद कपारीवर अडकली होती, पाय मोडलेला, वरून पाऊस. शंभूराज धावत खोलीत आला. माझी पांढरी चिंधी दिसली तसा त्याचा हात खुंटीवरच अडला. मागून मुजीब आत शिरला, म्हणाला, "बघत काय बसलायस गड्या, उचल की!" आणि मला खांद्यावर टाकून निघालासुद्धा.

आम्ही कड्यावर पोचलो तर वाईचं पथक आधीच हजर. वाडीतल्या कुणीतरी दोघांनाही फोन केला होता. संयोगिता मॅडमनी नमस्कार केला, आप्पासोंनी मान हलवली. मॅडमचा दोर साठ मीटरचा, कपारीपर्यंत पोचणार नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आप्पासो, राग मानू नका. दोर कुणी वाचलाय?"

"पांढरी चिंधी दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"दिसते. तरी उतरायच्या आधी एकदा दोघांनी मिळून..."

"मॅडम, उजेड किती ऱ्हायलाय बघा. आमच्या दोराची काळजी आमी घेतो."

शंभूराज चार पावलांवर उभा होता. त्याचे ओठ हलले. मी सालीच्या आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, सांग, आत्ता सांग! पण दोराचं कोण ऐकतं? वाईच्या माणसांसमोर आप्पासोंची मान खाली जाईल, हे त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होतं. त्यानं ओठ मिटले.

जांभळाच्या जाड खोडाला लोखंडी ब्रेक बांधला. मी त्या ब्रेकमधून जाणार, मागून शंभूराज मला हळूहळू सोडणार आणि पुढं माझ्या टोकाला मुजीब. कड्याच्या धारेवर गोणपाटं अंथरली. मुजीबनं बिस्मिल्ला म्हटलं, शंभूराजला डोळा मारला आणि पाठमोरा दरीत उतरला. धुक्यानं त्याला तिथल्या तिथं गिळलं.

दहा मीटर. वीस. खालून भामाबाईचा आवाज चढत होता. "आवं, कोन येतंय का न्हाई? माजी म्हस दिसली का कुनाला?"

पंचवीस मीटरवर शंभूराजनं दातांनी ओढून उजव्या हातातला मोजा काढला. मॅडम ओरडल्या, "मोजा घाला, हात सोलून निघेल!" त्यानं ऐकलं नाही. तो मला वाचत होता. चार दिवस टाळलेलं वाचन, भर पावसात, माणूस टांगलेला असताना. त्याचे डोळे मिटलेले, बोटांतून रक्त माझ्या विणीत उतरत होतं. मुजीबचा जीव टांगणीला आणि तो टांगलेला माझ्यावर. वेटोळ्यातून माझी मऊ जागा वर सरकत त्याच्या मुठीकडं येत होती. ती ब्रेकच्या पलीकडं गेली, तिच्यावर मुजीबचं वजन आलं आणि खाली गेल्यावर भामाबाईचंही आलं, की संपलं.

चाळीस मीटर. मऊ जागा त्याच्या बोटांत आली. तिथं मी पोकळ होतो, दाणे काढलेल्या शेंगेसारखा.

त्यानं ब्रेक आवळून मला जागच्या जागी बांधलं.

"सोड रं!" आप्पासो गरजले. "थांबलास का?"

"आप्पासो..." शंभूराज वळला. मग एका दमात बोलला. "ह्यो दोर मी वाचलेला न्हाई. इसर्जनाला ट्रॉली वढली ह्यानं. हितं गाभा तुटलाय. पांढरी चिंधी मीच बांधली."

कड्यावर वीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. आप्पासोंचा हात वर गेला. मला वाटलं, आता याच्या कानाखाली बसते. पण तो हात तसाच खाली आला.

वॉकीटॉकी खरखरली. "शंभ्या, झोपलास काय? का थांबवलंय?"

आप्पासोंनी ती उचलली.  "मुजीब, दम धर. हलू नगंस. दोर बदलतोय."

 मग मुजीब म्हणाला, "हवेतच?"

आप्पासो वळले आणि मॅडमपुढं उभे राहिले. मानी माणसाला वाकताना बघणं अवघड असतं, मला बघवेना. "मॅडम, तुमचा दोर द्या. आणि काय करायचं ते तुमी सांगा. माझं डोकं चालंना."

मॅडमनी मागच्या सालचं पेपरबिपर काही काढलं नाही. "आप्पासो, डोकं नको, तुमचे हात द्या," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी स्वतः आपला दोर उतरवून टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सोडला. शेजारून आप्पासोंनी तोच पुन्हा सोडला. पहिल्यांदा वाईचा दोर महाबळेश्वरनं वाचला. मग ब्रेकच्या पुढच्या माझ्या धड भागावर आवळगाठ मारून त्यांनी मुजीबचं वजन आपल्या दोरावर घेतलं. दोन्ही पथकांच्या आठ जणांनी तो तोलून धरला. वजन सरकलं तेव्हा मुजीब वीतभर खाली घसरला आणि खालून त्याची "या अल्ला!" अशी हाक आली. शंभूराजनं डोळे गच्च मिटले. गाठ बसली. धरली. टिकली.

मग आप्पासोंनी सुरी काढली. लोक म्हणतात, परतीचे दोर कापले. माझ्या बाबतीत मला कापलं म्हणून परतीची वाट राहिली. माझ्या चांगल्या भागाच्या टोकाला वाईचा दोर दुहेरी गाठीनं जोडला. खाली चाळीस मीटर मी, वर मला जोडलेला वाईचा लाल दोर, आणि मुजीब पुन्हा उतरू लागला. कपारीवर पोचल्यावर वॉकीटॉकीवर पहिला आवाज त्याचा नव्हता. "म्हस घावली का? आदी ते सांगा!" भामाबाई विचारत होती. कड्यावर कुणीतरी हसलं आणि हसता हसता रडायला लागलं.

वर ओढायला वाडीही धावली. गणेश मंडळाची पोरं, दूध संस्थेची माणसं, टॅक्सीवाले, जमातीतले चौघे. कुणाचा हात कुणाच्या मंडळाचा, कोण मोजणार? दिवस मावळायच्या आत दोघंही वर होती. भामाबाईला रुग्णवाहिकेत घातलं. म्हैस केव्हाच घरी जाऊन रवंथ करत बसली होती.

मुजीब खोडाला टेकून बसला. कुणीतरी चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. शंभूराज त्याच्यासमोर चिखलात उकिडवा बसला होता, सोललेला हात मांडीवर ठेवून.

"मुजीब, मला मार गड्या. पर बोल कायतरी."

 मुजीबनं शेजारी पडलेला माझा कापलेला तुकडा उचलला, मऊ जागा होती तोच, आणि शंभूराजच्या रक्ताळलेल्या हातात दिला.

"वाच," तो म्हणाला. "आता निवांत वाच. डोळं मिटून."

शंभूराजनं वाचलं. मऊ जागेवर बोटं आली तशी तो मला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. मुजीब त्याला आवरायला पुढं झाला नाही. पण उठूनही गेला नाही. तो तिथंच बसून राहिला, दुसऱ्याचं रडं संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शंभूराजनं किल्ली आप्पासोंपुढं ठेवली. त्यांनी ती घेतली आणि एक वर्ष तुला दोराला हात लावायचा नाही, असं सुनावलं. मग खोलीला दुसरं कुलूप लावलं. त्याची किल्ली वाईला मॅडमकडे असते. दोर वाचायला आता दोन पथकांचे दोन हात लागतात आणि उतरणाऱ्याचा तिसरा. खंडेनवमीला दोन्हीकडचं सामान एकाच पाटावर मांडून झेंडू वाहिले. आप्पासो आणि मॅडम यांचं अजूनही फारसं जमत नाही. जमायला पाहिजेच असं नाही; दोर एकमेकांचे वाचले म्हणजे पुरे.

माझा एक लांब तुकडा भामाबाईनं प्लास्टरच्या पायानं येऊन मागून नेला. "माजी वीतभर हाय त्यात," म्हणाली. त्यानं आता म्हैस बांधते. बाकीचा दोन्ही पथकांनी गाठी शिकवायला वाटून घेतला. आणि बोलणारा मी म्हणजे तो हातभर तुकडा, मध्ये मऊ जागा असलेला. मला लाल चिंधी बांधली आहे. ती कधी निघणार नाही.

दोन्हीकडं नवीन पोरगं किंवा पोरगी आली की पहिल्या दिवशी मला त्यांच्या हातात देतात. डोळे मिटून सांगा, काय लागतं? पुष्कळ जण घाईनं बोटं फिरवतात आणि म्हणतात, "काय न्हाई की, चांगला हाय." मग कोपऱ्यात बसलेला शंभूराज म्हणतो, "परत." त्याच्या तळव्यावरचा वळ अजून गेलेला नाही.

तुमच्याही गावात मंडळं असतील, संस्था असतील, कुठल्या तरी खुंटीला कुणाच्या तरी भरवशाची पांढरी चिंधी बांधलेली असेल. तिच्यावर विसंबण्याआधी एकदा हात फिरवा, एवढंच या दोराचं मागणं.

पोरांना मऊ जागा सापडली की ती हमखास विचारतात, "मग पांढरी चिंधी बांधली कुणी होती?"

 मुजीब मान खाली घालतो. सांगितलं नाही तरी चालेल, असं आप्पासोंनी शंभूराजला कितीदा म्हटलंय. पण तो प्रत्येक वेळी उभा राहतो आणि स्वतःचं नाव सांगतो, आडनावासकट.