ज्याचं अडेल तो फोन करील

रुग्णालयाचा राउटर म्हणजे हिशेब विभागाने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर. त्याला राउटर करण्याचा उद्योग नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंचा. एक्स-रेच्या मागच्या खोलीत तो घरघरत बसायचा. इंटरनेट पुरवणाऱ्या बाहेरच्या दोन कंपन्यांचे राउटर त्याला जगभरचे रस्ते सांगायचे, अमुक पत्त्याला इकडून जा, तमुकला तिकडून. असे नऊ लाख रस्ते. सगळे कामाच्या तक्त्यात बसवले की त्याची मेमरी संपायची आणि दर तिसऱ्या दिवशी हा मान टाकायचा. डॉक्टरांनी बाईंच्या नाकात दम आणला होता.

शेवटी त्यांनी एक गाळणी लिहिली. ऐकायचे सगळे, बसवायचे निवडक. गेल्या तीस दिवसांत रुग्णालयाची ज्या पत्त्यांशी देवाणघेवाण झाली, तेवढेच रस्ते तक्त्यात. नऊ लाखांचे अकरा हजार झाले आणि राउटर वठणीवर आला.

"आणि उरलेल्यांचं काय?" साहेबांनी विचारलं.

इतर लोक उरलेल्यांसाठी एक सरसकट वाट ठेवतात. बाईंना ते पटत नसे. सरसकट वाटेने नको ते आत शिरतं, असं त्यांचं म्हणणं.

"ज्याचं अडेल तो फोन करील, सर. पाच मिनिटांत बसवून देते."

लोकांनी फोन केलेही. पहिल्या आठवड्यात एकवीस, दुसऱ्यात तीन, मग एकही नाही. बाईंनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्यांचा धाकटा भाऊ मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसला यायचा. मूत्रपिंडासाठी त्याचं नाव यादीत होतं, तीन वर्षांपासून. चार तास सुईला बांधलेला माणूस, पण जीभ मोकळी. "ताई, तुझ्या राउटरपेक्षा माझं मशीन बरं. निदान घरघरत तरी नाही," असं तो म्हणायचा. निघताना मात्र एकच प्रश्न, "काही निरोप?" आणि ताईचं एकच उत्तर, "येईल रे."

निरोप यायची रीत ठरलेली होती. मूत्रपिंड जुळलं की नोंदणी केंद्राचं मशीन रुग्णालयाच्या मशीनशी बोलणार. तासाभरात होकार गेला नाही तर यादीतलं पुढचं नाव.

त्या गुरुवारी प्रत्यारोपण विभागाच्या बाई खाली आल्या. केंद्राच्या वेबसाइटवर त्यांनी काहीतरी पाहिलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमच्या भावाच्या नावापुढे लिहिलंय, काल सकाळी अकराला प्रस्ताव पाठवला, उत्तर नाही. मी तर दिवसभर जागेवरच होते हो."

ताईला लगेच उलगडा झाला. वेबसाइटचा पत्ता वेगळा, निरोप धाडणाऱ्या मशीनचा वेगळा. ते मशीन जुळणी झाल्याशिवाय तोंड उघडत नसे. गाळणी लावली तेव्हा ते चाळीस दिवस गप्प होतं.

ताईंनी राउटरच्या नोंदी उघडल्या. काल अकरापासून बारापर्यंत त्या मशीनने नऊ वेळा हाक मारली होती. राउटरने ती ऐकली होती. त्या पत्त्याचा रस्ताही त्याला ठाऊक होता, फक्त बसवलेला नव्हता, म्हणून 'ओ' द्यायला वाट नव्हती. नऊही वेळा उत्तर दारातच टाकून दिलं होतं. फोन कोण करणार? ज्याचं अडलं होतं, त्याला अडलंय हेच माहीत नव्हतं.

त्यांनी तो रस्ता हाताने बसवला, कायमचा. अर्धं मिनिट लागलं. मग साहेबांना सगळं लिहून कळवलं, काहीही न लपवता, आणि जिना चढल्या.

भाऊ उशीला टेकून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, काल काय झालं आणि ते कुणामुळे झालं. सांगताना आवाज जराही कापला नाही याची तिला स्वतःचीच शरम वाटली.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

"मग ते गेलं कुणाला?"

"यादीतल्या पुढच्या नावाला."

"बरा आहे का तो?"

"माहीत नाही."

"विचार की," तो म्हणाला. "आता रस्ता केलायस ना?"

ताई खाली गेली आणि तिने केंद्राला विचारलं.