आतली दुमड

भाचीची उंची वाढली, हे सगळ्यात आधी मावशीला कळलं. कपडे शिवणारी तीच होती, आणि भाचीचा झगा जमिनीपासून चक्क वर गेला होता.

भाची एका कंपनीच्या नव्या नाच-गाण्याच्या गटात होती. कंपनीने या गटाची गाणी आधी तयार केली. मग पाच स्वभाव ठरवले, आणि शेवटी त्यांत बसतील अशा मुली शोधल्या. राणी, वाघीण, हसरी, अभ्यासू आणि पिल्लू. भाची म्हणजे पिल्लू. पिल्लूचं डोकं राणीच्या कानापर्यंतच यायचं, हे गट बसवणाऱ्या सरांनी ठरवलेलं. झग्यांच्या खालच्या कडा मात्र पाचही जणींच्या एकाच रेघेत हव्यात, कारण कॅमेरा खालून सरकत जातो. शिवणखोलीच्या वरच्या मजल्यावर बदली मुली, म्हणजे कुणाला काढलं तर तिच्या जागी येणाऱ्या, तालीम करत. त्यांची पावलं दिवसभर छतात वाजत राहायची.

"थांब मावशी. आधी वाकते, मग टाचण्या लाव."

भाचीने झग्याच्या आत गुडघे वाकवले. वरून काही कळत नव्हतं. हसू तेवढं ताठ झालं.

"रोज असंच नाचतेस?"

"हळू बोल ना. वर माझी बदली आहे."

मावशीने झगा उचलून तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले. दोन्ही गरम होते, आणि डावा सुजला होता.

"आईला सांगू नकोस हं. मी गटात असल्याचं तिने अख्ख्या नात्यात सांगून ठेवलंय."

"तुझ्या आईचं तोंड मला लहानपणापासून बंद करता आलं नाही. तुझे गुडघे कुठवर लपवू?"

"फक्त आज. संध्याकाळी सरांनी पसंत केलं की मी पक्की."

"आणि उद्या वाढणारच नाहीस?"

भाचीने गुडघे आणखी वाकवले. मावशीने वाकलेल्या मापाने टाचण्या लावल्या, कड शिवली आणि दोरा संपला म्हणून खाली दुकानात गेली.

गटाच्या पहिल्या गाण्याचा, साध्या कपड्यांतल्या तालमीचा तुकडा तोवर सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. दुकानासमोर तीन मुली तोच नाच करत होत्या. त्यातली सगळ्यात लहान गुडघे वाकवून चालत होती.

"काय गं, पाय दुखतो का?" दुकानातल्या बाईने विचारलं.

"नाही हो काकू. पिल्लू असंच चालते."

"माझं बघ, माझं बघ," म्हणत उरलेल्या दोघीही वाकल्या.

मावशी दोरा काउंटरवरच विसरून परत आली.

जास्तीचं कापड कापून टाकायचं, दुमड ठेवायची नाही, अशी सरांची ताकीद होती. पण मावशीने आयुष्यभर लहान मुलांचे कपडे शिवले होते. वाढीची दुमड ठेवल्याशिवाय तिचा हात पुढे जात नसे. तिने शिवण उसवली, दुमड पूर्ण सोडली आणि जुन्या दोऱ्याच्या उरलेल्या तुकड्यांनी कड पुन्हा घातली.

संध्याकाळी भाचीने झगा चढवला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा लांब आहे."

"सरळ उभी राहिलीस तर बरोबर आहे."

"म्हणजे तू मला काढायलाच निघालीस?"

"तुझे पाय वाचवायला निघालेय."

"कड पुन्हा वर घे. मावशी, प्लीज."

"वेळ नाही."

वेळ होता. दोघींनाही ते माहीत होतं.

हॉलमध्ये गाणं सुरू झालं. मावशी पडद्याआड उभी राहून फक्त कडा बघत होती. चार एका रेघेत, पाचवी जमिनीवर लोळत होती. भाची वाकूनच नाचत होती. पहिल्या गिरकीला तिचा पाय कापडावर पडला आणि ती धडपडली. दुसऱ्या गिरकीच्या आधी पाचवी कड हलली, हळूहळू वर आली आणि रेघेत बसली.

सरांनी गाणं थांबवलं.

"पिल्लू, खाली वाक."

"हीच माझी उंची आहे, सर."

सर स्क्रीनकडे वळले. "खालची रेघ मस्त आलीय," ते म्हणाले. "वरची, डोक्यांची, बिघडली." मग मागे वळून म्हणाले, "वरून हिच्या बदलीला बोलवा."

थोड्याच वेळात नवी मुलगी शिवणखोलीत उभी होती. झगा तिच्या पायाखाली साचला होता. सरांचा निरोप आला होता, आखूड करा आणि या वेळी जास्तीचं कापूनच टाका. मावशीने कात्री बाजूला सरकवली आणि कापड आत दुमडायला घेतलं.

भाची कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांवर ओला रुमाल होता. ती मावशीशी एक शब्द बोलली नव्हती.

मावशीने पहिली टाचणी उचलली तशी नव्या मुलीने गुडघे वाकवले.

"तू कशाला वाकतेस गं?" मावशीने विचारलं. "तू तर एवढीशी आहेस."

"पिल्लू असंच उभं राहतं ना?"

मावशीने कोपऱ्याकडे पाहिलं.

"नाही," कोपऱ्यातून भाची म्हणाली. "सरळ उभी राहा."

मुलीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाय सरळ केले. मावशी टाचण्या लावू लागली. छतात पावलं वाजत होती. नव्या मुलीची जागा तोवर कुणीतरी घेतली होती.