काजळी कुणाच्या घरी गेली

पोलादपूर तालुक्यात सपाट जमीन फार थोडी. जी आहे तिच्यावर एसटी स्टँड बांधलाय. बाकीचा तालुका उभा आहे. कुणी त्याला इस्त्री केली तर तो पसरत पसरत सोलापूरला जाऊन टेकेल, पण एवढी मोठी इस्त्री कुणाकडे नाही, म्हणून माणसं उभ्या जमिनीवर राहतात. खडकमाची त्यातली सगळ्यात वरची वाडी. आंबेनळीच्या रस्त्यावरून मान दुखेपर्यंत वर पाहिलं तर ती दिसते. श्रावण-भाद्रपदात तेवढीही दिसत नाही, कारण तेव्हा ती ढगात असते.

खडकमाचीत घरं बरीच आणि माणसं थोडी. बाकीच्या दारांना कुलपं. किल्ल्या मुंबईला, ठाण्याला, नाहीतर खाली महाडच्या औद्योगिक वसाहतीत. गणपतीला आणि शिमग्याला किल्ल्या वर येतात, कुलपांना चार दिवस सुटी देतात आणि परत जातात.

आबाजीचा मुलगा सुनील वसाहतीतच होता. केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि बिरवाडीला खोली घेऊन राहायचा. आईबापांनी खाली यावं म्हणून दर फोनला सांगायचा. बायजा केव्हाच तयार होती. झऱ्यावरून हंडे वाहून तिच्या गुडघ्यांचा आणि तिचा आता बोलण्याचा संबंध उरला नव्हता. आबाजी मात्र म्हणायचा, म्हैस आहे ना. म्हशीला सोडून कसं जायचं. हे कारण पुरेसं मजबूत होतं, तोवर शिमग्याच्या सुमाराला म्हैसच मेली.

बायजाने त्याच दिवशी गाठोडं बांधलं. आबाजी दुसऱ्या दिवशी उठून समोरच्या डोंगरावर गेला आणि उंबरमाचीतून काजळी नावाची म्हैस घेऊन आला. उंबरमाचीतला शेवटचा माणूस महिपत मुंबईला चालला होता आणि घेईल त्याला म्हशी देऊन टाकत होता.

बायजाने गाठोडं सोडलं नाही. दाराशी ठेवलं आणि अट घातली. "ही म्हस गणपतीच्या आत एकदा तरी आपली आपण घरी आली तर ऱ्हाऊ. नाय आली तर चला."

आबाजीला अट सोपी वाटली. म्हैस संध्याकाळी घरी येते ह्यात विशेष काय? पण काजळी संध्याकाळ झाली की कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहायची, समोरच्या डोंगराकडे तोंड करून, एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारखी. आबाजी रोज तिला दाव्याने ओढत आणायचा. बायजा दारात उभी राहून आधी दाव्याकडे बघायची, मग गाठोड्याकडे. बोलायची काहीच नाही. बोलली असती तर आबाजीला भांडता तरी आलं असतं.

असे पावसाळ्याचे दिवस सरत गेले आणि गणपती परवावर आले.

त्या दुपारी रानात धुकं उतरलं. धुकं म्हणजे असं की आबाजीने हातातली भाकरी खाल्ली, पण ती दिसली नाही. त्या डोंगरांवर एक रिवाज आहे. धुक्यात माणसाने वाट शोधायची नाही. म्हशीचं शेपूट धरायचं आणि मुकाट चालायचं, म्हैस घरी नेते. आबाजीच्या आज्याच्या काळात अख्खं वऱ्हाड असं एका शेपटामागे एकमेकांचे हात धरून आलं होतं, नवरदेव सगळ्यात मागे. आबाजीने लहानपणापासून जे केलं तेच आजही केलं. दावं खांद्यावर टाकलं आणि शेपूट धरलं.

आणि काजळी निघाली. ओढावी लागली नाही, हाकारावी लागली नाही. मान खाली घालून, माहेरचं बोलावणं आल्यासारखी झपाझप निघाली. थोडं चालल्यावर आबाजीच्या लक्षात आलं, ही आपली आपण घरी चालली आहे. गणपतीच्या आत. बायजाला काय म्हणायचं ह्याचा त्याने विचार केला आणि ठरवलं, काही म्हणायचं नाही, नुसतं गाठोड्याकडे बघायचं.

उघड्या डोळ्यांना जे दिसत होतं तेच मिटल्यावरही दिसत होतं, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. कारवीची ओली झुडपं अंगाला घासून जात होती. खालून, ढगाच्या तळातून, वसाहतीतला भोंगा आला. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण धुक्यात आवाजांनाही वाट सापडत नाही, तेही भलतीकडे जातात. मध्ये एक ओढा लागला, जो त्यांच्या वाटेवर नव्हता. पावसाळ्यात ओढे कुठेही फुटतात, असं म्हणून आबाजीने त्याला माफ केलं. मग उतार यायला हवा होता तिथे चढ आला. चालता चालता त्याला डुलकी लागली. डुलकीत तो एसटीच्या दांडीला धरून उभा होता आणि कंडक्टर बायजा होती. ती म्हणत होती, पुढे सरका, पुढे सरका.

काजळी थांबली आणि हंबरली. आबाजीने हात पुढे करून दार चाचपलं. दाराला कुलूप होतं.

बायजा गेली. गाठोडं घेतलं, कुलूप लावलं आणि अट संपायच्या आधीच एकटी खाली निघून गेली. तो कुलूप हातात धरून तसाच उभा राहिला. कुलूप गंजलेलं होतं. एका दुपारीत बायजाचं कुलूप एवढं कसं गंजलं, हे त्याला कळेना.

"कोण हाय रे तिकडं?" धुक्यातून कुणीतरी विचारलं.

तो खालच्या वाडीतला किशोर निघाला. त्याच्या हातात दुसऱ्या म्हशीचं शेपूट होतं. ते अजून एकमेकांकडे बघतायत तोवर तिसरी म्हैस आली आणि तिच्या मागे हेल्मेट घातलेला माणूस. हे अश्वजित गुरुजी, वरच्या दोन पोरांच्या शाळेचे मास्तर. त्यांची मोटरसायकल रस्त्यावर बंद पडली होती आणि धुक्यात शेजारून एक शेपूट जाताना हाताला लागलं, म्हणून त्यांनी ते धरलं. ती शाळेच्या बाजूला चालली असेल, असा त्यांचा समज झाला. म्हैस कुणाची, हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

मग हळूहळू उलगडलं. ही उंबरमाची होती आणि हे महिपतचं घर. तिन्ही म्हशी मूळच्या त्याच्याच. म्हैस घरी नेते हे अगदी खरं होतं. फक्त तिचं घर कुठलं, हे विचारायचं तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

धुकं जाईतो बसण्याखेरीज इलाज नव्हता. पडवीत तिघं ओळीने बसले. किशोरला भूक लागली होती. त्याने धार काढली, पण भांडं नव्हतं, म्हणून गुरुजींनी हेल्मेट दिलं आणि आत केसांचं तेल लागलेलं आहे हे प्रामाणिकपणे सांगितलं. हेल्मेट हातोहात फिरलं. किती तरी महिन्यांनी उंबरमाचीत माणसं बोलत होती, आणि त्यांतलं एकही तिथलं नव्हतं.

संध्याकाळच्या आधी धुकं उठलं, पण म्हशी उठेनात. पडक्या गोठ्यात तिघी आपापल्या जागी बसल्या होत्या. ओढून झालं, ढकलून झालं. गुरुजींनी समजावूनही पाहिलं. किशोरची वसाहतीत रात्रपाळी होती. शेवटी आबाजीने महिपतला फोन लावला. माणसं निघून गेल्यावर उंबरमाचीत रेंज आली होती.

महिपत मुंबईत एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्येच, गाडी आली, थांबा म्हणाला, फाटक उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. मग म्हणाला, फोन त्यांच्या कानाशी धरा. एकेकीला नावाने हाक मारून तो बोलला. दोघी उठल्या. शेवटी काजळी.

"काजळे, जा गो. तिकडं तुझं घर हाय आता."

काजळीने कान हलवले, उठली आणि चालू लागली. गुरुजींच्या हाती लागलेली म्हैस पलीकडच्या वाडीतल्या काशीबाईची असल्याचंही महिपतनेच सांगितलं. मग त्याने विचारलं.

"आबा, घर कसं हाय?"

आबाजीने घराकडे पाहिलं. "हाय तिथंच हाय."

"जनावराला सांगितलं की जातं बघ," महिपत म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नाय. नुसती नोकरी लागली." मग पुन्हा गाडी आली.

काजळी पुढे आणि आबाजी मागे, असे ते डोंगर उतरले आणि चढले. दावं आबाजीच्या खांद्यावरच होतं. उजेड असतानाच काजळी खडकमाचीत शिरली, अंगणात आली आणि गोठ्यात जाऊन उभी राहिली. बायजा दारात होती. तिने म्हैस पाहिली आणि दावं पाहिलं. मग खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. इतक्या महिन्यांत ती आवळून बसली होती. तिने दात लावले. आतून दोन लुगडी निघाली, तांब्या निघाला, आणि हिरव्या प्लास्टिकची नळी निघाली, गुंडाळी करून सुतळीने बांधलेली. नळाला लावायची, कोरी.

आबाजीने ही नळी कधी पाहिली नव्हती. बायजा खालची, सावित्री नदीच्या काठची. लग्नात तिचा बाप घाटाच्या पायथ्याशी थांबला होता, त्याला दमा होता. जा गो, तिकडं तुझं घर हाय आता, एवढं म्हणाला. आणि बायजा चढली होती. कुणी ओढली नव्हती.

"ती आपली आपण नाय आली," आबाजी म्हणाला. "महिपतनं सांगितलं म्हणून आली."

"दावं तुमच्या खांद्यावर हाय. म्हंजे आलीच की."

"फोन केला मी. अट नाय पुरी झाली."

"अट माझी हाय. झाली म्हंते ना."

"नाय झाली."

तो हरल्याचा हट्ट धरून बसला आणि ती त्याला जिंकवत राहिली. भांडण चांगलं रंगलं. इतकी वर्षं जे भांडण होत नव्हतं ते आता झालं, फक्त दोघांनी एकमेकांच्या बाजू घेतल्या होत्या. शेवटी आबाजी म्हणाला, "सुनीलला फोन लाव. खोलीच्या मागं म्हस बांधायला जागा हाय का विचार. गणपती झाले की येतो म्हणावं."

बायजा उठली. मग कड्याच्या टोकाशी जाऊन, हात उंच करून रेंज धरली आणि फोन लावला. म्हशीचं तिने आधी विचारलं नाही. विचारलं ते नळाचं. सुनील म्हणाला, पाणी सकाळी येतं आणि संध्याकाळी येतं.

"दोनदा?" बायजाने विचारलं.

"दोनदा."

तिने फोन स्पीकरवर टाकला आणि आबाजीला ऐकू जावं म्हणून त्याला ते परत सांगायला लावलं.